पद्मिनीचा फॅन: फ्यूज मोठा करू नका, करंटची वाट बदला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे कुठे गैरसमज झाला असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल.

१९९५ ची पेट्रोल प्रीमियर पद्मिनी. मूळचा पट्ट्यावर फिरणारा फॅन काढून तुम्ही भंगारातून आणलेला मारुती ८०० चा इलेक्ट्रिक फॅन बसवलाय. डॅशबोर्डखाली एक साधा स्विच आहे, त्याला करंट चावीच्या वायरवरून घेतलाय. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात काटा लाल पट्टीत जातो. १० अँपिअरचा फ्यूज दोनदा उडाला, स्विचला हात लावला तर चटका बसतो. मेकॅनिक म्हणतो ३० चा फ्यूज टाका. तुम्ही विचारताय, ३० चा टाकू, की फॅनच मोठा घेऊ? आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय, की चावी बंद केली तरी इंजिन एक-दोन सेकंद फडफडत राहतं, ते टायमिंगमुळे, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेमुळे, असेल का.

३० चा फ्यूज टाकू नका. फॅन मोठा घेण्याचीही आत्ता गरज नाही. आणि ती शेवटची ओळ तुम्ही सहज लिहिलीत, पण माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नात तीच सर्वांत कामाची होती.

मी शिरवळला गेली २६ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो. खंबाटकी इथून जवळच. त्यामुळे मे महिन्यात बॉनेट उघडं टाकून वाफ सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या म्हणजे आमचं ठरलेलं गिऱ्हाईक. त्यात जुन्या गाडीला हौसेनं इलेक्ट्रिक फॅन लावलेले बरेच असतात, आणि दहातल्या सात जणांच्या गाडीत वायरिंग तुमच्यासारखंच असतं.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन तापणी एकमेकांत गुंतली आहेत. गाडीचं पाणी तापतंय, आणि फॅनची वायर तापतेय. एकामुळे दुसरं होत असेलही, पण तपासायचं वेगवेगळं.

पाण्याचं आधी. इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. गाडी गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर काटा खाली येत असेल, तर दोष हवेचा, म्हणजे फॅनचा. सपाट रस्त्यावर ७०-८० ने जाताना तापत असेल तर फॅनला दोष देऊ नका. त्या वेगाला समोरून येणारा वारा कोणत्याही छोट्या फॅनपेक्षा जास्त असतो. तिथे रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) अर्धवट अडकलेला, प्रेशर कॅप (रेडिएटरचं दाब धरणारं झाकण) गेलेली, टायमिंग मागे, यातलं काहीतरी असतं. घाट हा मधला प्रकार. दुसऱ्या गिअरमध्ये २५ चा वेग, इंजिनवर पूर्ण लोड आणि समोरून वारा नाही. तिथे रेडिएटर आणि फॅन दोघांचीही परीक्षा होते. म्हणून घाटात तापते एवढ्यावरून मी काहीच ठरवत नाही. तुम्ही चांदणी चौकात, कात्रजच्या गर्दीत ती कशी वागते ते लिहिलेलं नाही. ते एकदा बघा.

रेडिएटरची घरगुती तपासणी सांगतो. इंजिन गरम करा, बंद करा, फॅनची वायर काढून ठेवा आणि मग रेडिएटरच्या जाळीवर समोरून हात फिरवा. वरून खाली उष्णता हळूहळू कमी व्हायला हवी. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाडीत हा पट्टा हमखास सापडतो. पद्मिनीचा जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो, टाक्या उघडून नळ्यांत सळई घालून साफ करणारे कारागीर अजून मिळतात. ते काम आधी. कॅपचंही तेच. कॅप दाब धरत असेल तर पाणी शंभरावर उकळत नाही, ७ पौंड दाबाच्या कॅपला ते साधारण ११० अंशांच्या पुढे जातं. वॉशर कडक झालेली कॅप म्हणजे झाकण उघडं ठेवलेलं पातेलं.

आणि एक खटकणारी गोष्ट बोलून टाकतो. मूळ फॅन का काढला? कुर्ल्यात बनलेल्या या गाड्यांनी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून जन्म काढला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तोवर मे महिन्याच्या उकाड्यात सिग्नलला उभ्या राहून त्या पट्ट्याच्या फॅनवरच भागवत होत्या. मूळ फॅन पुरत नव्हता असं नाही, बहुतेक वेळा बाकी काहीतरी बिघडलेलं असतं आणि दोष फॅनवर जातो. इलेक्ट्रिक फॅनचे फायदे आहेतच. सकाळी इंजिन लवकर गरम होतं, पट्ट्यावरचा लोड कमी होतो, आणि सिग्नलला इंजिन मंद असतानाही फॅन पूर्ण वेगानं फिरतो. पण हे फायदे मिळतात ते वायरिंग नीट असेल तर.

आता वायरिंग. तुमच्या गाडीत करंट कोणत्या वाटेनं जातो बघा. बॅटरीतून निघाला, चावीच्या स्विचला आला, तिथून डॅशबोर्डखालच्या स्विचला, तिथून परत फायरवॉलमधून बाहेर, पुढे रेडिएटरपर्यंत, मग फॅनमधून निघून पुढच्या पत्र्यावर कुठेतरी अर्थ, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत. एवढ्या प्रवासात पाच मीटर वायर सहज जाते, आणि ती बहुधा बारीक, पाऊण चौरस मिलिमीटरची.

हिशोब करू. तांब्याची पाऊण चौरस मिलिमीटर वायर मीटरला सुमारे ०.०२३ ओहम अडथळा देते. पाच मीटरला ०.११५. फॅन ११ अँपिअर घेत असेल तर नुसत्या वायरमध्येच सव्वा व्होल्ट गेला. चावीचा जुना संपर्क, स्विच, दोन-तीन पिळून टेप मारलेले जोड आणि गंजलेला अर्थ मिळून आणखी पाऊण-एक व्होल्ट. आल्टरनेटर साडेतेरा देतोय आणि फॅनला पोचतात साडेअकरा. फॅन फिरताना दिसतो, आवाजही करतो, म्हणून सगळ्यांना वाटतं ठीक आहे. पण वेग बराच उतरलेला असतो, आणि नेमक्या घाटात हवी तेवढी हवा मिळत नाही. मोठा फॅन याच वायरवर लावलात तर तो जास्त करंट मागेल, वायर आणखी व्होल्ट खाईल. पैसे जातील आणि हवा जवळपास तेवढीच राहील.

स्विच का तापतो तेही यातच आहे. संपर्काच्या जागी फक्त ०.०५ ओहम अडथळा धरा. ११ अँपिअरला तिथे ६ वॅट उष्णता तयार होते. पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब चालू असताना बोटांत धरून बघितलाय कधी? तसा एक बल्ब अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या डबीत कोंडलाय असं समजा. तापल्यावर स्प्रिंग ढिली पडते, स्प्रिंग ढिली झाली की अडथळा वाढतो, मग आणखी तापतं. ते स्विच शेवटी वितळूनच थांबतात.

आणि इथेच ३० च्या फ्यूजचा धोका. फ्यूज फॅनला वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. फॅनच्या पात्यात एखादी चिंधी अडकली आणि मोटर जाम झाली, तर ती नेहमीच्या तीन-चार पट करंट ओढते. १० चा फ्यूज तिथे लगेच उडेल, ३० चा त्या ओढीपुढे काही वेळ टिकून राहील, आणि तेवढ्यात तुमची पाऊण चौरस मिलिमीटरची वायर डॅशबोर्डच्या मागे, बाकीच्या वायरींच्या जुडग्यात, जळत राहील. जळालेलं हार्नेस मी पाहिलंय. एक वायर जळत नाही, शेजारच्या दहांना घेऊन जळते.

उडालेले फ्यूज अजून असतील तर एकदा निरखून बघा. पट्टी मधोमध शांतपणे वितळून तुटली असेल तर जास्त लोड बराच वेळ चालला. आत काळं-चंदेरी शिंतोडं उडालं असेल तर थेट शॉर्ट झालाय, वायर कुठेतरी पत्र्याला घासतेय. आणि फ्यूज शाबूत पण त्याचं टोक किंवा होल्डर वितळलेला असेल, तर फ्यूजचा संबंधच नाही, पकड ढिली आहे. पद्मिनीचे ते जुने गोळीसारखे फ्यूज ज्या पितळी पट्ट्यांत बसतात, त्या तीस वर्षांत सैल होतात. तिन्हींवर उपाय वेगळा, आणि मोठा फ्यूज हा एकावरही उपाय नाही.

आता चावी बंद केल्यावरची फडफड. फिरणारी मोटर करंट खाते, पण करंट तोडला आणि ती स्वतःच्या वेगानं फिरत राहिली की उलट करंट तयार करते, डायनॅमोसारखा. तुमच्या फॅनची वायर चावीच्या त्याच टोकावर आहे जिथून इग्निशन कॉइलला, म्हणजे ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला, करंट जातो. तुम्ही चावी बंद करता, बॅटरी सुटते, पण फॅन फिरतोय आणि तो मागच्या दारानं कॉइलला करंट पुरवतो. इंजिन फॅनवर चालतं, एक-दोन सेकंद. खात्री करायची असेल तर आधी फॅनचा स्विच बंद करा आणि मग चावी. इंजिन गपकन बंद झालं तर कारण हेच. तरीही फडफडत राहिलं तर सिलिंडरमधल्या तापलेल्या कार्बननं पेट्रोल पेट घेतंय, मग टायमिंग, मिक्स्चर आणि आयडलकडे बघावं लागेल. माझा अंदाज पहिला आहे.

या सगळ्यावर उपाय एकच: फॅन फिरवणारा करंट आणि फॅनला ‘चालू हो’ सांगणारा करंट, या दोघांच्या वाटा वेगळ्या करा. त्यासाठी रिले.

रिले म्हणजे लहान करंटनं मोठा संपर्क जोडणारी डबी. चार पिनांचा, १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा रिले कुठल्याही दुकानात मिळतो. खाली नंबर कोरलेले असतात. ३० वर बॅटरीचा थेट करंट, ८७ वरून फॅनला. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. ही कॉइल अँपिअरच्या पाचव्या भागापेक्षाही कमी खाते, त्यामुळे चावीला आणि स्विचला काही त्रासच उरत नाही. पाच पिनांचा मिळाला तरी चालतो, मधली ८७-ए मोकळी सोडा आणि तिला टेप मारा, कारण रिले बंद असताना तिच्यावर करंट असतो.

माझी पद्धत सांगतो. बॅटरीच्या प्लसवरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज होल्डर. आत म्हणजे आतच. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कुणाच्याच संरक्षणात नसतो, तो जितका लहान तितकं बरं. चपट्या पिनांचा (ब्लेड) फ्यूज वापरा, २० चा. फॅन चालू होताना क्षणभर तिप्पट करंट ओढतो, त्यामुळे चालताना ११ घेणाऱ्या फॅनला १५ चा फ्यूज काठावर पडतो. अडीचची वायर २० ला आरामात टिकते. फ्यूजपासून रिलेच्या ३० ला, ८७ पासून फॅनला. सगळी मिळून दोन मीटर वायर. आता तोच हिशोब करा: सव्वा व्होल्टच्या जागी साधारण ०.१५ व्होल्ट. त्याच फॅनला दीड-दोन व्होल्ट जास्त. मोठ्या फॅनचे पैसे वाचले.

रिले रेडिएटरला चिकटवू नका. बॅटरीजवळ किंवा आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर, पिना खाली करून बसवा. पिना वर असतील तर पावसाळ्यात डबीत पाणी साचतं. वायरीच्या टोकांना थिंबल (धातूचं जोडटोक) नीट दाबून लावा, पकडीनं चेपटवून नव्हे, थिंबलच्या क्रिम्पिंग प्लायरनं. नुसता डाग (सोल्डर) देऊन भागवू नका. डागाच्या कडेला वायर कडक होते आणि इंजिनच्या थरथरीनं बरोबर तिथेच तुटते.

अर्थ हा लोकांना दुय्यम वाटतो. जेवढा करंट प्लसनं गेला तेवढाच अर्थनं परत यायचाय. फॅनची काळी वायर रेडिएटरच्या रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूखाली दाबली की काम झालं असं समजतात. तीही अडीचचीच घ्या, बॅटरीच्या मायनसला किंवा बॅटरीचा अर्थ जिथे बॉडीला येतो त्या बोल्टला न्या. रंग खरवडून चकाकता पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला, वरून व्हॅसलीन.

आता ‘चालू हो’ कोण सांगणार? तुमच्याकडे सध्या ते काम तुमची आठवण करते. घाट चढताना समोर एसटी, मागे ट्रक, शेजारी कुटुंब बोलतंय, आणि तुम्हाला आठवायला हवं की फॅन लावायचा. म्हणून थर्मोस्विच. तो ठरावीक तापमानाला जोडतो आणि साधारण पाच अंश खाली आल्यावर तोडतो. अंगावर ९२-८७, ९५-९० असे आकडे असतात.

कोणता आकडा घ्यायचा हे तुम्ही तो कुठे बसवता यावर ठरतं, आणि इथे बरेच जण चुकतात. तुमच्या थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा बघा. समजा ८२ आहे. स्विच इंजिनातून बाहेर येणाऱ्या गरम पाण्यात, म्हणजे वरच्या होजमध्ये बसवला आणि तो ८२ च्या खाली तोडणारा घेतला, तर फॅन कधीच बंद होणार नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी त्याखाली येऊच देत नाही. वरच्या बाजूला ९५-९० सारखा घ्या. खालच्या टाकीत, म्हणजे थंड झालेल्या पाण्यात बसवणार असाल तर ते पाणी वरच्यापेक्षा थंड असतं, तिथे एक पायरी खालचा, ८७-८२ च्या आसपासचा लागतो. मला स्वतःला खालची बाजू आवडते. तिथे स्विच ‘रेडिएटर कमी पडतोय का’ एवढंच विचारतो, आणि वारा पुरेसा असेल तेव्हा हायवेवर फॅन उगाच फिरत नाही. पण जुन्या पद्मिनीच्या खालच्या टाकीला त्यासाठी नवी बॉस (स्विच फिरवून बसवायची आट्यांची बैठक) डागावी लागते. रेडिएटर साफ करायला उघडणार असाल तर त्याच वेळी कारागिराकडून ती लावून घ्या. नाहीतर वरच्या होजमध्ये बसणारी धातूची टी (तीन तोंडांचा जोड) घ्या.

त्या टीची एक गंमत. ती दोन्हीकडून रबरात असते, तिला अर्थ कुठूनच मिळत नाही. एका पिनचा स्विच आपल्या अंगातूनच अर्थ घेतो, म्हणून टीला वेगळी अर्थ वायर द्यावीच लागते. आणि स्विचच्या आट्यांवर टेफलॉन टेपचे आठ वेढे मारू नका. एका गिऱ्हाइकाच्या जीपला मीच नवीन स्विच बसवला होता, गळती नको म्हणून टेप भरपूर गुंडाळली. पाणी गळलं नाही, आणि फॅनही लागला नाही. टेपनं अर्थ तोडला होता. दोन पिनांचा स्विच घेतलात तर ही भानगडच नाही.

जोडणी अशी: रिलेच्या ८६ ला चावीनंतरचा करंट, छोट्या ३ अँपिअरच्या फ्यूजमधून. ८५ थर्मोस्विचला, थर्मोस्विच अर्थला. तुमचा जुना डॅशबोर्डचा स्विच फेकू नका. त्याचं एक टोक याच ८५ ला, दुसरं अर्थला. म्हणजे तो थर्मोस्विचच्या शेजारी पर्याय म्हणून बसला. घाट सुरू होण्याआधी हातानं फॅन लावता येईल, आणि थर्मोस्विच मेला तरी घरी पोचता येईल. हा स्विच फॅन लावू शकतो, बंद करू शकत नाही, आणि हेच बरोबर आहे. एकच अपवाद: ज्यांना गुडघाभर पाण्यातून गाडी काढावी लागते त्यांनी ८६ च्या वायरीत एक बंद करायचा स्विच घालावा. फिरती पाती पाण्यात शिरली की वाकतात आणि रेडिएटरला जाऊन घासतात, मोटरही जाम होते. पाण्याबाहेर आल्यावर तो परत लावायला विसरू नका, एवढीच अट.

८६ ला थेट बॅटरीचा करंट दिला तर गाडी बंद झाल्यावरही फॅन फिरत राहतो. काही नव्या गाड्यांत तसं असतं, म्हणून लोक मागतात. पद्मिनीत मी देत नाही. इंजिन थांबलं की वॉटर पंप थांबतो, पाणी जवळपास जागेवरच राहतं, फॅन फक्त रेडिएटरमधलं पाणी थंड करत बसतो आणि बॅटरी उतरवतो. त्यापेक्षा घाटमाथ्यावर थांबलात तर इंजिन दोन मिनिटं मंद चालू ठेवा.

८५ आणि ८६ मध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) टाका, ‘वन एन ४००७’ म्हणून मागा, अगदी किरकोळ किमतीचा असतो. पट्टी असलेलं टोक ८६ कडे, म्हणजे प्लसकडे. कॉइल सुटताना उलट झटका मारते आणि थर्मोस्विचचा संपर्क हळूहळू जाळते, तो झटका डायोड गिळतो. उलटा लावलात तर तो ३ चा फ्यूज तिथल्या तिथे उडेल. काही रिलेंत डायोड आतच असतो, तशा रिलेत ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही. डबीवरचं चित्र बघून घ्या.

आता एक अडचण. तुमच्या गाडीला आल्टरनेटर आहे ना? १९९५ ची असेल तर असावा, पण जुन्या गाड्यांत कोणी काय बदललं सांगता येत नाही. डायनॅमो असेल तर माझा सरळ सल्ला: पट्ट्याचा फॅन परत बसवा. डायनॅमो मंद इंजिनवर जवळजवळ काहीच देत नाही, आणि इलेक्ट्रिक फॅनची गरज नेमकी मंद इंजिनवर असते. आल्टरनेटर असला तरी पावसातल्या रात्रीची बेरीज करून बघा. हेडलाइट ९-१०, फॅन ११, वायपर ४, इग्निशन ३-४, मागचे दिवे आणि बाकी किरकोळ २. तीस अँपिअर झाले. आल्टरनेटरवर लिहिलेला आकडा पूर्ण फेऱ्यांचा असतो, सिग्नलला त्याच्या निम्मेही येत नाहीत. उरलेले बॅटरी देते. दहा मिनिटांच्या जॅमला चालतं, तासभर नाही. वर एसी लावायचा विचार असेल तर मोठ्या आल्टरनेटरशिवाय नको.

फॅनबद्दल दोनच गोष्टी. भंगारातला फॅन बसवण्याआधी बाकावर बॅटरी लावून डीसी क्लॅम्प मीटरनं करंट मोजा. छोट्या गाडीचा धडधाकट फॅन साधारण ७ ते १० घेतो. १३-१४ घेत असेल तर बुश झिजलेत किंवा ब्रश गेलेत, आणि तुमचा १० चा फ्यूज उडण्यामागे हेही असू शकतं. मी वर हिशोबात ११ धरले ते अंदाजानं, तुमचा खरा आकडा मोजल्यावरच कळेल.

दुसरी गोष्ट, दिशा. डीसी मोटरच्या दोन वायरी उलट लावल्या तर ती उलटी फिरते, आणि फॅन इंजिनची गरम हवा रेडिएटरवर फेकतो. सुरुवातीच्या वर्षांत हे माझ्याच हातून झालंय. गिऱ्हाईक तीनदा घाटातून परत आलं, तिन्ही वेळा मी थर्मोस्टॅट आणि कॅप बघत बसलो, कारण फॅन तर माझ्या समोर फिरत होता. तेव्हापासून नियम केला: फॅन चालू करून रेडिएटरच्या समोर वर्तमानपत्राचा कागद धरायचा. कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून अंगावर आला तर वायरी बदला. फॅन रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या बाजूला आहे असं मी धरतोय. तिथे तो ओढतो, आणि ओढणारा फॅन केव्हाही बरा. पुढे बसवलेला ढकलतो आणि समोरून येणारा वाराही अडवतो. मागे जागा असेल तर भोवती पत्र्याचा आडोसा करून घ्या. तो नसेल तर पात्यांच्या समोरच्या गोलातूनच हवा जाते, चार कोपरे रिकामे राहतात. जाळीतून आरपार प्लास्टिकचे टाय घालून फॅन बांधला असेल तर तो आजच सोडा. थरथरून टाय नळीला कापतो. लोखंडी पट्टीची चौकट करून रेडिएटरच्या बाजूच्या ब्रॅकेटला, रबर बुश घालून धरा.

मूळ फॅन काढताना पंपाच्या पुलीचे बोल्ट बघितले होते का? जिथे फॅन आणि पुली एकाच बोल्टांनी धरलेले असतात तिथे फॅन काढल्यावर तेच बोल्ट लांब पडतात, पूर्ण आवळले असं वाटतं पण पुली ढिली राहते. मग पट्टा घसरतो, पंप कमी फिरतो आणि पाणी तापतं. आखूड बोल्ट किंवा फॅनच्या जाडीचे वॉशर. तुमच्या घाटातल्या तापण्यामागे हेच निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सगळं झाल्यावर मल्टिमीटर घ्या, डीसी व्होल्टवर. इंजिन चालू, फॅन चालू. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं टोक फॅनच्या प्लस वायरला. जो आकडा येईल तो प्लसच्या वाटेत हरवलेला व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, माझ्याकडून गाडी बाहेर पडते तेव्हा तो ०.३ च्या खाली असतो. मग तसंच फॅनची काळी वायर आणि बॅटरीचं मायनस, तिथे ०.२ च्या आत. जास्त आला तर मीटरचं टोक एकेक जोड पुढे सरकवत जा, आकडा जिथे उडी मारतो तो जोड खराब. या एका तपासणीनं जितके दोष सापडतात तितके टेस्टलॅम्पनं, म्हणजे वायरीला बल्ब लावून बघण्यानं, सापडत नाहीत. टेस्टलॅम्प अर्ध्या अँपिअरला पेटतो, त्याला सडलेली वायरही ठणठणीत वाटते.

आत्ता काहीही बदलण्याआधी हीच दोन मापं तुमच्या सध्याच्या वायरिंगवर घ्या आणि लिहून ठेवा. फॅनचा करंट, थर्मोस्टॅटवरचा आकडा आणि डायनॅमो की आल्टरनेटर, हेही कळवा. थर्मोस्विच कोणता घ्यायचा ते त्यावरून नेमकं सांगता येईल. तोवर घाटात जाऊच नका असं म्हणत नाही, पण गेलात तर हीटर असल्यास पूर्ण उघडा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. आणि काटा लाल पट्टीत गेला तर गाडी बाजूला घ्या, पाणी उसळत असेल तर इंजिन लगेच बंद करा, आणि कॅपला अर्धा तास हात लावू नका.